यंदाचं वर्ष आशाचं

मॅच हरली होती, पण त्याबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. हरण्याची सवय झाली की माणूस स्कोअरबोर्डाकडे बघतसुद्धा नाही. खाली कॉव्हेंट्री अँव्हिल्स या अमेरिकन फुटबॉलच्या टीमचे धिप्पाड खेळाडू खांद्यांवरची पॅडं सोडवत, एकमेकांना शिव्या घालत बदलायच्या खोलीकडे निघाले होते. वर क्लबच्या खोलीत उल्का बटाटेवड्यांचा डबा उघडत होती. वडे पार निवले होते. सकाळी तळतानाच तिला वाटलं होतं की आज कुणाच्या घशाखाली काही उतरणार नाही.

"वहिनी, चटणी कुठाय?" हरीशने विचारलं.

म्हणजे एक जण तरी खाणार होता.

टेबलाच्या मधोमध स्टीलच्या ताटात ते हेल्मेट उलटं ठेवलेलं होतं. जुनं, तोंडावरची जाळी वाकलेली, आतल्या गादीला कुठल्या कुठल्या घामाचा वास. त्यात मूठभर तांदूळ आणि तांदळावर नारळ. बाजूला हळदीकुंकवाची कुयरी. हे सगळं मांडणं उल्काचं काम. नारळही तिनेच काल फोल्सहिल रोडवरून आणला होता. सीझनची शेवटची होम मॅच झाली की हे हेल्मेट एका घरातून दुसऱ्या घरात जायचं आणि वर्षभर तिथल्या देवांशेजारी बसायचं. देवांनी कधी तक्रार केली नाही. उल्काने सुरुवातीला केली होती, पण कुणी ऐकली नाही, मग तीही गप्प बसली.

भिंतीवर टीमच्या मालकांचे फोटो होते. पहिला, अमेरिकन हवाई तळावरचा एक सार्जंट. रविवारी वेळ जात नाही म्हणून त्याने टीम काढली आणि मायदेशी जाताना रेज पार्डो नावाच्या गिअरबॉक्सवाल्याला देऊन टाकली. रेजने खेळाडूंना पगार सुरू केले, लीगमध्ये उतरवलं, मैदानाला कुंपण घातलं. तो गेल्यावर त्याच्या पुतण्याने टीम एका नाइटक्लबवाल्याला विकली. नाइटक्लबवाल्याने जर्सी गुलाबी केली आणि एके दिवशी सुट्टीसाठी म्हणून स्पेनला गेला तो गेलाच.

उल्काचा नवरा श्रीकांत तेव्हा इथल्याच हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर होता. अर्धी टीम त्याच्या दारात बसलेली असायची. पायाला प्लास्टर घालून घेताना एकाने त्याला विचारलं, डॉक, आता आमचा मालक कोण? त्या संध्याकाळी घरी येऊन तो उल्काला म्हणाला, "मी एक टीम घेतली." जणू येताना वाटेत कोथिंबीर घेतली.

साताऱ्याहून सासरे, अण्णा, फोनवर कडाडले होते. "एकट्याने घेतलीस? भावंडं मेली का तुझी?" त्यांच्या गावात मारुतीची पूजा भाऊबंदांत वर्षावारी वाटलेली होती. यंदा थोरल्याकडे, पुढल्या वर्षी मधल्याकडे, मग धाकट्याकडे. त्याच मापाने त्यांनी टीमही वाटून टाकली. ज्याचं वर्ष त्याचा शब्द, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. अण्णांनी जन्मात अमेरिकन फुटबॉल पाहिला नव्हता. तरी त्यांनी निकाल दिला आणि श्रीकांत, बहीण आशा आणि भाऊ हरीश, इंग्लंडात राहणाऱ्या तीन शिकल्यासवरल्या डॉक्टरांनी तो मुकाट पाळला. अण्णा जाऊन जमाना झाला, तरी पाळत राहिले. लीगला एकच मालक लागतो म्हणून तिथे कायम श्रीकांतचं नाव. पण ते कागदापुरतं. घरात खरं ते हेल्मेट.

आता, पुजारी बदलला म्हणून मारुतीला काही फरक पडत नाही. टीमला पडतो. हरीशने आपल्या वर्षात आणलेला कोच आशाने तिच्या वर्षात काढायचा. आशाने बसवलेली घडी श्रीकांतने विस्कटायची. आणि मग तिघांनी मिळून म्हणायचं, पोरं जिंकत का नाहीत बरं?

हे उल्काला दिसत होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने चटणीचा डबा हरीशपुढे सरकवला.

*

हरीश नॉटिंगहॅमहून सकाळीच आला होता. चाळीस वर्षं दवाखान्यात बसून लोकांची तीच ती दुखणी ऐकलेला माणूस. रिटायर झाल्यावर त्याला एकच गोष्ट हवी होती, कुणी आपल्याला काही विचारू नये. आणि हे वर्ष त्याचं होतं. वर्षभर लोक विचारत होते. मैदानाचं पाणी कुठे तुंबलं, कुणाचा खांदा निखळला, कौन्सिलला काय सांगायचं. पुतणी उर्वी सगळं करायची हे खरं, पण शेवटी फोन यायचाच. "काका, तुमचा वर्ष आहे, तुम्ही सांगा."

आज त्याचं वर्ष संपत होतं, आणि खाली मैदानाच्या कडेने अमेरिकेतल्या ओहायोहून आलेला एक खरेदीदार दोन माणसं घेऊन फिरत होता. त्याला टीम हवी होती. अख्खी, एका हातात. कॉव्हेंट्रीतच ठेवीन म्हणत होता.

"दादा, काम दहा मिनिटांचं आहे," हरीश म्हणाला. "हेल्मेट अजून ताटात आहे. शब्द माझा आहे."

श्रीकांत खिडकीशी खुर्चीत बसला होता. लोकांचे गुडघे बदलत आयुष्य काढलं आणि आता स्वतःचे दोन्ही बदलून बसलेला. त्याने मान वळवली नाही. "शिट्टी झाली की वर्ष संपतं."

"हेल्मेट दिलं की संपतं."

"अण्णा शिट्टी म्हणाले होते."

"अण्णांना शिट्टी असते हे तरी माहीत होतं का रे?"

हरीशचा मुलगा गंधार लंडनला सॉलिसिटर. कोपऱ्यात लॅपटॉप उघडून, प्रिंट केलेले कागद मांडून बसला होता. तो वैतागून म्हणाला, "मोठे काका, हे वर्ष वगैरे, लीगली त्याचा काहीच मीनिंग नाही. सगळी टीम तुमच्या नावावर आहे. यू कॅन जस्ट से नो. किंवा यस. बाबांना विचारायची पण गरज नाही."

"गरज कशी नाही?" श्रीकांत म्हणाला. "हरीशने आत्ता म्हटलं की वीक, तर मी सही करीन. त्याचं वर्ष आहे."

दाराशी उभ्या असलेल्या उर्वीच्या हातातली वॉकीटॉकी खरखरली. तिने ती बंद केली. श्रीकांत-उल्काची ही मुलगी बारा वर्षं टीमची जनरल मॅनेजर होती. बस ठरवणं, खेळाडूंचे व्हिसा, पंचांचं जेवण, गवतातली भोकं, सगळं तिच्याकडे. फक्त वर्ष नव्हतं. वर्षं तिघांची होती.

"बाबा, तुम्ही खरंच सही करणार?"

"मी माझ्या वर्षात यांचं ऐकलं का कधी? मग यांच्या वर्षात यांनी माझं का ऐकावं?"

"ही टीम आहे, बाबा! टीव्हीचा रिमोट नाही, की आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे!"

हरीशला तिची दया आली, आणि दया आली की तो चिडायचा. "उर्वी, तुझं मी समजू शकतो. नोकरी जाणार म्हणून तुला—"

"काय नोकरी जाणार?" उल्काने विचारलं.

हरीशने वडा तोंडात कोंबला. आता बोलायला नको, म्हणून. गंधारनेच सांगून टाकलं. "काकू, त्यांचा स्वतःचा जनरल मॅनेजर आहे. अमेरिकेहून येणार. उर्वीला मी सकाळीच सांगितलं. आय डिडंट वाँट टू हाइड इट."

"आणि मला कुणी सांगितलं नाही," उल्का म्हणाली. "काही हरकत नाही. मला कधी काय सांगता?"

हरीशचं चावणं थांबलं. 

सही करून टाकता आली असती. पेन गंधारच्या खिशात होतं, श्रीकांत तयार होता. पण उल्का म्हणाली, "भाऊजी, आशाला येऊ द्या. तिच्या पाठीमागे विकलंत तर ती मरेपर्यंत तुमचं तोंड बघणार नाही." आणि हरीश थांबला. ह्या घरातली माणसं एकमेकांना फसवू शकत नाहीत. तेवढी हिंमत कुणात नाही. ती फक्त एकमेकांना दमवू शकतात.

*

आशा साउथहॅम्प्टनहून एकटीच गाडी हाकत आली होती. वाटेत मोबाइलवर मॅचची कॉमेंटरी लावलेली. नवऱ्याला पार्किन्सन्स, त्याला शेजारणीच्या भरवशावर सोडून निघालेली. गाडीतून उतरताना तिची कंबर अशी धरली की क्षणभर दाराला टेकून उभी राहिली. तिला खाली मैदानाशी तो ओहायोवाला दिसला. त्याने हात हलवला. तिनेही हलवला. मग ती जिना चढली.

वर येऊन तिने कुणाशीही न बोलता कोपऱ्यातल्या सिंकवर हात धुतले. भूल देणाऱ्या डॉक्टरला हात धुतल्याशिवाय कशालाच हात लावता येत नाही, रिटायर झाली तरी. मग ती टेबलापाशी आली, कुयरीतलं हळदकुंकू हेल्मेटला लावलं आणि तांदूळ-नारळासकट ते दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं.

"अगं!" हरीश उभा राहिला. "अगं, मी द्यायचं असतं ते!"

"दिलंस. आता माझं वर्ष."

"आशा, खाली तो माणूस—"

"बघितला मी तो माणूस. ज्या दिवशी माझं वर्ष लागायचं त्याच दिवशी विकायला काढलीस? कालपर्यंत काय झोपला होतास?"

"तो कालपर्यंत विमानात होता! आणि तुला कुणी कळवलं?" हरीश गर्रकन उर्वीकडे वळला. "तू फोन केलास हिला?"

"मी आत्याला रोज फोन करते, काका. तिकडच्या काकांचा पार्किन्सन्स कसा आहे विचारायला. तुम्ही करता?"

हरीश खाली बसला.

आशाला हेल्मेटचा तो ओळखीचा कुबट वास आला आणि तिला बरं वाटलं. घरी दिवसभर औषधांच्या वेळा, चमच्याने भरवणं, नवऱ्याचा हात धरून संडासापर्यंत आणि परत. तिच्या वर्षात निदान रविवारी कुणीतरी फोन करून विचारायचं, डॉक्टर आशा, आता काय करायचं? आणि ती सांगायची. तिच्या सांगण्यावरून साठ दांडगे पुरुष इकडचे तिकडे व्हायचे. घरात एक माणूस तिच्या सांगण्यावरून घोटभर पाणी पीत नव्हता.

"विकायची नाही," ती म्हणाली. "माझ्या वर्षात तरी नाही. दादा, ऐकलंस ना?"

"ऐकलं," श्रीकांत म्हणाला. त्याचे खांदे सैल झाले. तो इतका वेळ ते आवळून बसला होता हे उल्काला आत्ता कळलं. गंधारने खांदे उडवले. उर्वीने डोळे मिटले आणि पाठ दाराला टेकली.

"बाळा, रडतेस काय?" आशा हसली. "ये इकडे. मी आहे ना. येताना सगळी मॅच ऐकली मी. अर्धा वेळ आपण पुढे होतो, माहितीये? आणि मग त्या लिऑनने काय केलं? किक मारून चेंडू लांब घालवायचा सोडून पोरांना धावायला लावलं. वेडा आहे का तो? आधी तो कोच बदलायचा. उद्याच. माझ्या ओळखीचा एक आहे साउथहॅम्प्टनला, फार हुशार. मी त्याच्याशी बोललेसुद्धा."

*

उर्वीने डोळे उघडले.

सकाळपासून तिने मनाशी साधा हिशोब धरला होता. हरीशकाका विकणार म्हणून तो वाईट, आत्या ठेवणार म्हणून ती चांगली. आत्याचा चेहरा खरंच चांगला होता. प्रेमाने भरलेला होता. त्या प्रेमाने ती उद्या लिऑनला घरी पाठवणार होती.

"आत्या, कोच नाही बदलायचा. प्लीज. लिऑनला एकच सीझन मिळाला. पोरं आत्ता शिकली त्याचं. लास्ट मंथमध्ये बघ ना, टीम किती चांगला खेळला."

"हरले की गं सगळ्या मॅच."

"हो, पण कमीने!"

हरीश फस्सकन हसला. श्रीकांतही. उर्वीला स्वतःलाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच काहीतरी खालून निसटलं. तिला पुढचं सगळं दिसलं. आत्या तिचा हुशार माणूस आणणार. पुढच्या वर्षी बाबांचा नंबर. मग पुन्हा काका. वाईट कुणीच नाही. तिघंही तिचे लाड करत म्हातारी झालेली माणसं, हॉस्पिटलात नाइट्स करून इथवर आलेली. आणि दर ऑगस्टात एक जण ताटातून हेल्मेट उचलणार आणि सगळं पहिल्यापासून.

"आत्या," ती म्हणाली, "हा वर्ष मला दे."

"म्हणजे?"

"तुझा वर्ष. मला दे. तू थकली आहेस. घरी काकांना एकटं ठेवून तू दर संडे इथे कशी येणार? मी इथेच आहे."

"वर्ष देता येत नाही," श्रीकांत म्हणाला. "तिघांचं आहे ते. अण्णांनी—"

"का येत नाही?"

हे उल्काने विचारलं होतं. ती वड्यांच्या डब्याला झाकण लावत होती. झाकण बसत नव्हतं, ती ते दाबत बोलत राहिली.

"माझं लग्न झालं त्या वर्षी तुमचे मधले चुलते आजारी होते. पूजेचं वर्ष त्यांचं. त्यांना उठवत नव्हतं. तेव्हा काय केलंत? त्यांच्या वतीने पुतण्या बसला. अण्णाच म्हणाले, पुढच्या पिढीतलं पोर बसलं तरी चालतं. मी तिथे होते, नैवेद्याचं ताट माझ्या हातात होतं. आता पोरगा नाही, पोरगी आहे, म्हणून चालत नाही का? असेल तसं तर सांगा तोंडाने. बारा वर्षं तिने गवत कापून घेतलं, बसवाल्यांशी भांडली, तुम्हा तिघांची मनं सांभाळली. वर्षं तुम्ही वाटून घेतलीत आणि राबणं तिला दिलंत."

झाकण बसलं.

श्रीकांतने कानातलं मशीन चाचपलं, जणू ऐकू आलं नाही असं म्हणायची एक संधी होती. ती त्याने घेतली नाही. "अण्णा म्हणाले होते खरे," तो हळूच म्हणाला.

आशा हेल्मेटाकडे बघत होती. मग तिने ते उर्वीपुढे धरलं. "घे बाई. साउथहॅम्प्टनपर्यंत हे शेजारच्या सीटवर बांधून न्यायचं, आणि पोलिसाने थांबवलं तर नारळाचं काय सांगायचं, मला नेहमी भीती वाटते." तिने बोट कुयरीत बुडवून उर्वीच्या कपाळाला कुंकू लावलं. "पण त्या लिऑनकडे लक्ष ठेव हं."

"झालं," हरीश म्हणाला. "आता कोण विकतंय? मी जातो खाली. त्या माणसाला चहा पाजतो आणि वाटेला लावतो."

"थांबा काका. गंधार, लॅपटॉप बंद नको करू."

"व्हाय?"

"विकायची आहे."

गंधारने आधी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या बापाकडे. बापाचं तोंड उघडं.

"उर्वी," गंधार म्हणाला, "दे वोंट कीप यू. सांगितलं ना तुला?"

"आय नो. त्याला जाऊन सांग, एकच अट आहे. लिऑनला तीन सीझन हात लावायचा नाही. बाकी तुझ्या पेपरमध्ये आहे ते सगळं ओके."

"अगं तू वेडी आहेस का?" आशा ओरडली. "मी तुला वर्ष दिलं ते सांभाळायला!"

"सांभाळतेच आहे, आत्या."

"हे सांभाळणं?"

"आत्या, ऐक. तुम्ही तिघं वाईट नाही. पण तुम्ही दर वर्षी नवीन असता. टीमला ते जमत नाही. मी किती कोचना सॉरी म्हटलंय माहितीये तुला? घरी जाऊन, त्यांच्या बायकांसमोर? पुढच्या वर्षी बाबांचा वर्ष. बाबा काय करणार मला माहीत आहे. बाबा जुन्या स्टुअर्टला परत आणणार."

सगळ्यांनी श्रीकांतकडे पाहिलं. त्याने नाही म्हटलं नाही. "स्टुअर्ट चांगला होता," तो पुटपुटला.

गंधार खाली गेला. खिडकीतून दिसत होतं, तो आणि ओहायोवाला गोलपोस्टपाशी उभे. गंधार वर आला. "दोन सीझन म्हणतो."

"तीन."

पुन्हा खाली. ह्या वेळी जरा जास्त वेळ लागला. आशा खुर्चीत बसून तळहाताला लागलेलं कुंकू टिश्यूने पुसत होती. ते निघत नव्हतं. हरीशने एक वडा उचलला आणि परत ठेवला. गंधार धापा टाकत वर आला. "तीन. ही सेज यू ड्राइव्ह अ हार्ड बार्गेन. तुला तोच जॉब दे म्हणू का त्याला? मी विचारू?"

उर्वीने त्याला हाताने थांबवलं. "नको. मी इथे असले तर तुम्ही सगळे मलाच फोन करणार. आत्या म्हणणार, लिऑनला सांग. बाबा म्हणणार, स्टुअर्टला बघ. नको."

गंधारने कागद श्रीकांतच्या मांडीवर ठेवला, खाली फाइल दिली, पेन दिलं. श्रीकांतने पेनचं टोपण काढलं आणि तसाच बसून राहिला.

"तुला हवी होती ना ही टीम?" त्याने विचारलं. "लहानपणापासून?"

"अजून पाहिजे, बाबा."

"मग मी नाही म्हणू का? गंधार म्हणतो मला म्हणता येतं. एकदा म्हणू? तुझ्यासाठी?"

त्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी नियम मोडायची तयारी दाखवली होती, आणि तीही इतक्या उशिरा की राग यावा की रडू, हे उर्वीला कळेना. ती त्याच्याजवळ गेली, खुर्चीशी गुडघ्यांवर बसली.

"बाबा. माझा वर्ष आहे."

"ज्याचं वर्ष," तो म्हणाला आणि पुढचं बोलला नाही. सही केली. हाडांच्या डॉक्टरची सही, कुणाला कधी वाचता न आलेली.

*

ज्याला विकायची होती त्या हरीशलाच काय करावं सुचेना. तो उठला, भिंतीवरच्या फोटोंपाशी गेला, तिघा भावंडांच्या फोटोची चौकट सरळ केली. ती सरळच होती.

"मग पुढच्या ऑगस्टात," तो पाठमोरा म्हणाला, "आपण भेटायचं कशासाठी?"

"फोन कर," आशा म्हणाली. "माझ्या नवऱ्याची चौकशी कर. सुरुवात तिथून कर."

"करतो गं."

"करणार नाहीस."

"करतो म्हटलं ना!"

"वहिनी, ह्या नारळाचं आता काय करायचं?" आशाने विचारलं. एरवी तो नव्या घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथे त्याच्या वड्या व्हायच्या. आता नवं घर नव्हतं. ओहायोला वड्या होत नाहीत.

उर्वीने तो उचलला, दार उघडून बाहेर जिन्यावर गेली आणि काँक्रीटच्या पायरीवर आपटला. पहिल्यांदा फुटला नाही. दुसऱ्यांदा तिने असा आपटला की खाली उभा असलेला ओहायोवाला दचकून मागे सरला. नारळ फुटला. पाणी पायरीवरून ओघळलं.

उल्काने तुकडा काढून चाखला आणि तोंड वाकडं केलं. "खवट."

"अपशकुन," हरीश म्हणाला.

"कसला आलाय अपशकुन! दुकानात ख्रिसमसपासून पडून असेल. तुम्हाला ह्या देशात ताजा नारळ कधी मिळालाय, भाऊजी? घ्या. प्रसाद आहे."

तिने सगळ्यांच्या हातावर तुकडे ठेवले आणि सगळ्यांनी खाल्ले. श्रीकांतने दोन घेतले. उर्वीने ठेवलेलं हेल्मेट त्याच्या मांडीवर होतं, तो त्यातले तांदूळ बोटाने उगाच ढवळत होता. ते कोण नेणार, हे कुणीच विचारलं नाही.

जिन्यावर बूट वाजले. कोच लिऑन टोपी हातात घेऊन वर येत होता. कॉव्हेंट्रीतच जन्मलेला, आडव्या अंगाचा. एकच सीझन झाला होता, पण ह्या क्लबच्या कोचांचं ऑगस्टात काय होतं ते त्याला जुन्यांनी सांगितलेलं होतं. तो दोन पायऱ्या खालीच थांबला. वर सगळं घराणं दारात उभं, कपाळाला कुंकू लावलेली उर्वी, पायरीवर करवंट्या. त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"सो," तो म्हणाला, "हू हॅव वुई गॉट धिस इयर?"

आशा काहीतरी बोलायला गेली. उल्काने तिचा हात धरला.

उर्वीने त्याच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "इट दॅट," ती म्हणाली. "यू हॅव थ्री इयर्स."

लिऑनने तुकडा तोंडात टाकला. त्याचं तोंड वाकडं झालं. थुंकावं की गिळावं हे विचारायला त्याने वर पाहिलं, पण उर्वी त्याच्या बाजूने जिना उतरून केव्हाच खाली गेली होती. मैदानावर गोलपोस्टभोवतीच्या गाद्या काढायच्या तशाच राहिल्या होत्या आणि आभाळ भरून आलं होतं. भिजल्या तर त्या वाळायला आठवडा लागतो. आजच्या दिवसापुरतं तरी ते काम तिचंच होतं.